पेडल आहे ना, मग बेसवाला कशाला?

चारतारा
काल बडोद्यातल्या फतेगंजच्या एका गिटारवाल्याने लिहिलं: "अकूस्टिकच्या पिकअपला (तारेचा कंप पकडून वायरीत पाठवणारा तुकडा) ऑक्टेव पेडल, म्हणजे सूर सप्तकभर खाली उतरवणारं यंत्र लावा, बेस आपोआप मिळतो. बेसवाल्याची मिनतवारी संपली." खाली वाहवांचा पाऊस. मी बेसवाला, माझा चहा गार झाला. रात्री साडेअकराला लिहितोय, तिखट लागलं तर पाणी प्या.

सूर एक सप्तक खाली उतरला की बेस झाला, असं असेल तर आमच्या आजोबांचं घोरणंही बेसच होतं. गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झवर वाजते, पेडल तिला 41 वर आणतं. बेसची ई तारही 41 वरच. आकडे जुळले, पुढे? बेसमध्ये सूर कुठे धरायचा याच्याइतकंच तो कुठे सोडायचा हे महत्त्वाचं, आणि तो सोडायला हात लागतो. तू एका फटक्यात पाच तारा छेडणार, आणि बिचारं पेडल त्यातली कुठली धरू म्हणत गुळण्या करणार. त्यात पिएझो, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखाली (सॅडलखाली) बसणारा पिकअप. सुरापेक्षा नखाची टकटक जास्त पकडतो. आणि पिएझोचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विजेचा अडथळा) पेडलला झेपत नाही, हा खरा मूळ रोग. बास.

फतेगंज_सहा
दादा, तो गिटारवाला मीच. मूळ रोगाबद्दल एकच विचारतो: विकतच्या इलेक्ट्रो-अकूस्टिकमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी कशासाठी असते? प्रीअँपसाठी, म्हणजे पिकअपचा सिग्नल पुढे झेपेल असा करणाऱ्या आतल्या सर्किटसाठी. इम्पिडन्सचं भांडण जॅकच्या आधीच मिटलेलं असतं. उघड्या पिएझोची वायर थेट मिक्सरच्या लाइनमध्ये खुपसली तर पत्र्यासारखा आवाज येतो, तुम्ही कधीतरी तेच ऐकलंय.

गुळण्यांचं म्हणाल तर ते बॉस कंपनीच्या 1982 च्या ओसी-2 ऑक्टेव पेडलबद्दल खरं. त्याला एका वेळी एकच सूर कळतो. पण पुढच्या ओसी-3 मध्ये पॉली मोड आला, म्हणजे एका वेळी अनेक सूर चालतात, आणि कुठल्या सुराखालचेच सप्तकभर उतरवायचे ते बटणाने ठरवता येतं. ओसी-5 ला तर "फक्त सगळ्यात खालचा सूर धर" असंही सांगता येतं. अंगठा जाड तारांवर, बाकी बोटं वर. आम्ही दोघं कॅफेत वाजवतो. तिथे तिसऱ्याचं स्टूल ठेवायला जागा नाही, पैसे तर सोडाच.

सोल्डरमास्तर
दोघंही अर्धे बरोबर आहात, म्हणजे दोघंही अर्धे चूक.

पेडल बदलण्याआधी पिकअप बदला. मी पिएझोवर चार महिने डोकं आपटलं. शेवटी साउंडहोलमध्ये बसणारा मॅग्नेटिक पिकअप घातला आणि ट्रॅकिंग, म्हणजे पेडलचं सूर ओळखणं, एकदम शहाण्यासारखं झालं. त्याचीही खोड आहे: जाड तारांवरचं ब्राँझचं वेटोळं मॅग्नेटला दिसतच नाही, दिसतो फक्त आतला स्टीलचा गाभा. त्यामुळे वरच्या दोन साध्या तारा बोंबलतात आणि नेमक्या आपल्याला हव्या त्या जाड तारा दबून येतात. पिकअपवर प्रत्येक तारेखाली असलेले स्क्रू (पोलपीस) फिरवून सारखं करून घ्यावं लागतं. पेडलच्या आधी थोडा कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार सारखे करणारा), रिव्हर्ब (घुमारा) कायम नंतर. पेडलला डायरेक्ट आउट (साध्या आवाजाचं वेगळं भोक) असेल तर साधी गिटार वेगळी आणि सप्तक वेगळं असं दोन चॅनेलवर काढा. साउंडवाला कुरकुरेल, कुरकुरू दे.

फीडबॅकचं कोणीच बोललं नाही. मोठ्या गिटारच्या पोटातली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते. तिथेच तुम्ही बेस चढवणार, मग ती हंबरणारच. साउंडहोलला रबराचं झाकण लावा.

आणि चारतारा, तुमच्या बाजूने एक: कॅफेतल्या आठ इंची स्पीकरच्या डब्यातून 41 हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाही. ऐकू येतात त्याच्या वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले उपसूर), खालचा सूर कान स्वतः जोडून घेतो. खऱ्या बेसच्या तारेत ते भरपूर असतात. ओसी-2 चा खालचा सूर गाळून गुळगुळीत केलेला, म्हणून छोट्या स्पीकरात तो गायब होतो. घरी हेडफोनवर ढोल, कॅफेत मांजर.

रावपुऱ्याची_मावशी
ऑक्टेव म्हणजे ते ऑक्टापॅडच ना? नवरात्रात आमच्या पार्टी प्लॉटवर एक मुलगा दोन काठ्यांनी बडवत असतो. पूर्वी शेरीत (गल्लीत) ढोल असायचा, हींच (गरब्याचा ठेका) वाजली की पाय आपोआप उचलायचे. आता छातीत धडधड होते, ती भक्तीने की स्पीकरने तेच कळत नाही.

चारतारा
मावशी, ते वेगळं. पण गरब्याचं काढलंत म्हणून सांगतो. 2011 ची नवरात्र, नऊ रात्रींचं ठरलेलं. मी ऑफिसात रजा टाकली, नवीन तारा चढवल्या. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आयोजकाचा फोन: "बेस राहू द्या, कीबोर्डवाला डाव्या हाताने करून घेईल." तेव्हा डावा हात, आता पेडल. प्रत्येक वेळी कात्री आमच्याच नावावर.

डावाहात
तो कीबोर्डवाला मीच. पंधरा वर्षं टोमणे ऐकतोय, आज बोलतोच. डाव्या हाताचे मला वेगळे पैसे मिळाले असं वाटतं तुम्हाला? एका पाकिटात दोन माणसांचं काम. नऊ रात्री डाव्या हाताने बेस आणि उजव्याने शहनाई, दसऱ्याला मनगट सुजलं होतं. आणि पब्लिकमधल्या एकानेही विचारलं नाही की बेसवाला कुठे गेला. हे लागेल, पण खरं आहे.

चारतारा
विचारलं नाही कारण तुमचा बेस पहिल्या रात्रीपासून एकाच सुरावर उभा होता, खांबासारखा. लोकांना वाटलं जनरेटर चालू आहे.

डावाहात
ऐकायला आला होतात म्हणजे! आणि खालचा सगळा आवाज ढोलाने व्यापलेला असतो. तिथे धावता बेस वाजवला की नुसता चिखल होतो. हे तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं, तुम्ही फोन ठेवलात.

खर्ज
मुलांनो, जरा दम धरा. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी आणली, 1971 मध्ये ती सैल केली. मधली तीस वर्षं पेटी घराघरांत वाजतच होती. वाद्यं ठरावाने मरत नाहीत. माझं दुखणं दुसरंच आहे. सयाजीरावांनी ज्या गावात 1886 साली गायनशाळा काढली, तिथे आज तानपुऱ्याची खर्जाची तार लावायची म्हटलं तर पोरं मोबाइल पुढे करतात. जवारी (तानपुऱ्याच्या घोडीची, सुराला झंकार देणारी घडण) कशाशी खातात ते माहीत नाही आणि 41 हर्ट्झवर भांडतात.

फतेगंज_सहा
काका, माझ्या मोबाइलमध्येही तानपुरा आहे, पण गप्प बसतो.

चारतारा दादांना एवढंच: अमेरिकन गिटारवादक चार्ली हंटर एकाच गिटारवर बेस आणि गिटार दोन्ही वाजवतो.

चारतारा
त्याच्या गिटारवर बेसच्या तारा खऱ्या आहेत रे. त्यांचा पिकअप वेगळा, अँपही वेगळा. तो पेडल दाबून बेसवाला झालेला नाही, आयुष्य घातलंय. उदाहरण तरी आपल्या बाजूचं द्यावं.

फतेगंज_सहा
मान्य. "मिनतवारी" हा शब्दही मागे घेतो. पेडलचं मात्र मागे घेत नाही.

चारतारा
इम्पिडन्सचं मीही मागे घेतो. प्रीअँपवाल्या गिटारपुरतं. टकटकीचं नाही घेत.

सोल्डरमास्तर
रविवारी सकाळी माझ्याकडे या, दोन्ही पिकअप लावून एकेक गाणं वाजवा. सेव-उसळ माझ्याकडून. डावाहात, तुम्हीही या, पण दोघं एका बाकावर बसू नका.

डावाहात
मी उजव्या हाताचंच वाजवीन. डाव्याचे पैसे आधी ठरवा.

चारतारा
बेस घेऊन येतो. स्टूलही माझं मीच आणतो, जागा अडायला नको.

सोल्डरमास्तर
आणि फतेगंज, बॅटरी नवी घालून आण. मागच्या वेळी दुसऱ्या गाण्यात गेली होती.