जुन्या घरातल्या कड्या, नळ, बटणं स्वतःच बदलायची आहेत, कशाला हात लावू आणि कशाला नको?

गावभागकर

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे, आजोबांनी १९६४ ला बांधलेलं. भिंती विटांच्या, गिलावा चुन्याचा, दारं-खिडक्या सगळ्या सागवानी. आता तिथे आई एकटीच असते, मी पुण्याहून शनिवार-रविवार जाऊन येऊन असतो. आईच्या बोटांना संधिवात आहे आणि त्या घरातली एकही वस्तू तिला धड उघडत नाही, म्हणजे न्हाणीतला नळ बंद करायला पिळतच बसावं लागतं, पुढच्या दाराचा अल्ड्रॉप (कुलूप लावायची आडवी सरकती कडी) ओढायला दोन्ही हात लागतात, बिजागऱ्यांवर ऑइलपेंटचे इतके थर चढलेत की दार अर्ध्यातच अडकतं. बटणं अजून ती काळी गोल खटक्याची, लाकडी ठोकळ्यावर बसवलेली, आणि वायरिंग भिंतीवरून लाकडी पट्टीला क्लिपा मारून नेलेलं.

एका कॉन्ट्रॅक्टरला दाखवलं तर तो म्हणे सगळं काढून टाका, फ्लश डोअर लावून देतो, जुनं लाकूड मी घेऊन जातो. आमच्या दारांकडे तो ज्या नजरेनं बघत होता त्यावरून काय समजायचं ते समजलो.

दारं तशीच ठेवायची आहेत. फक्त हार्डवेअर, नळ आणि बटणं बदलायची, तीही जमेल तेवढी स्वतः. ड्रिल मशीन आहे, पाने आहेत, हाताला सवय आहे. पितळी कड्या-बिजागऱ्या काढून स्टीलच्या लावू का? नळ मी बदलू शकेन का? मॉड्युलर बटणं बसवायची तर वायरिंगला हात लागतो का? शिवाय पाण्याला गंज येतो म्हणून न्हाणीतली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पाइपलाइन काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकची) करायचा विचार आहे.

खटपट्या

पितळ टाकू नका हो!! आधी लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर खाली लोखंड आहे, तुमच्या घराच्या वयाच्या सामानात नाही चिकटला तर बहुतेक पितळच. आज दुकानात 'अँटिक ब्रास' म्हणून जे मिळतं ते बरंचसं जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा चढवलेलं असतं, हातात घेतलं की वजनावरूनच कळतं.

रंग काढायला बिजागरी उतरवून जुन्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि धुण्याचा सोडा घालून उकळत ठेवा, थोड्या वेळानं थर सालीसारखा सुटून येतो. ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, सोडा ते खातो. आणि ते पातेलं परत स्वयंपाकात नको, कारण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायची दाट शक्यता. आपल्याकडे घरगुती रंगात ९० पीपीएम ही शिशाची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, तुमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून दारावर कोरडा पॉलिश पेपर अजिबात मारायचा नाही, ग्राइंडर तर नाहीच, ओला करून घासा आणि ती घाण कागदात गोळा करा. पितळ मग चिंच-मीठ किंवा पितांबरीनं लखलखतं.

स्क्रू काढताना आधी खाचेतला रंग टोच्यानं साफ करा, खाचेच्या पूर्ण रुंदीचा पेचकस घ्या, आणि आधी किंचित घट्ट करून मग उलटा फिरवा, एकदम जोर लावला की डोकं जातं. अजिबातच हलला नाही तर गरम सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवून ठेवायचं, रंग मऊ होतो. एका वेळी एकच बिजागरी, खाली पाचर मारून, नाहीतर ते सागवानी दार एकट्याला पेलणार नाही. भोकं सैल झाली असतील तर बांबूच्या काड्या फेविकॉल लावून ठोका, वाळल्यावर कापून टाका. परत लावताना पितळी स्क्रू थेट सागात पिळला तर आत तुटतो, म्हणून बारीक भोक पाडून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून आत-बाहेर करायचा आणि मग पितळी.

अल्ड्रॉप जड जातो तो बहुतेक दार खाली बसल्यामुळे, दांडी भोकाच्या कडेला घासत असणार. रंग निघून बिजागऱ्या सरळ झाल्या की निम्मा त्रास आपोआप जाईल. तरी उरला तर कानस मारून भोक थोडं वाढवा आणि दांडीला मेणबत्ती चोळा. तेल नको, धूळ धरतं.

सोलापूरची_सून

खटपट्या यांचं सगळं खरं पण एक विचारू का, राहायचं कुणाला आहे? काकूंना. त्यांच्या बोटांना पितळेचं कौतुक नसणार. आतल्या खोल्यांच्या कड्या खुशाल काढा आणि दांडीवाली हँडलं लावा, कोपरानं पण दाबता येतात. माझ्या सासूबाईंना संधिवात आहे म्हणून सांगते, गोल मूठ हा प्रकार त्यांना शत्रू वाटतो.

खटपट्या

मान्य ताई. पण मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत कोरून बसवायचं कुलूप) बसवायच्या आधी दाराच्या उभ्या पट्टीची रुंदी आणि जाडी दोन्ही मोजा, जुन्या दुपाखी दारांची पट्टी अरुंद असते, खोबणी कोरली की तिथेच कमजोर होते. तशी निघाली तर नुसतं ओढायचं लांब हँडल आणि हलकी कडी बरी.

पार्लेकरीण

नळाचं मी लिहिते, मी आमच्या पार्ल्याच्या जुन्या फ्लॅटमधले सगळे स्वतः बदललेत. क्वार्टर टर्न घ्या, दांडी लांब असलेला, पाव वळसा फिरवला की पूर्ण उघडतो, आत सिरॅमिक डिस्क असते. पिळायचा जुना नळ आहे त्यात वायसर रबराचा, तो झिजला की माणूस अजून जोरात पिळतो आणि मग सीटच खराब होते, काकूंचं तेच झालं असणार. अर्ध्या इंची नळ बहुतेक ठिकाणी बसतो, तरी माप बघूनच घ्या.

पण जीआय पाइपला साठेक वर्षं झालीत. नळ उलटा फिरवताना भिंतीतलं एल्बो (पाइपचं काटकोनी वळण) पण फिरू शकतं आणि कुजलेलं असेल तर आत तुटतं, मग भिंत फोडण्याशिवाय इलाज नाही. एक पाना पाइपवर घट्ट धरा, दुसऱ्यानं नळ फिरवा. आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० (गंज सैल करणारा स्प्रे) मारून ठेवा. आणि हे काम शनिवारी सकाळी काढा हो, रविवारी संध्याकाळी दुकानं बंद असताना नको, आई बिनपाण्याची बसेल आणि तुम्ही पुण्याच्या गाडीत.

टाकी किती उंच आहे? १० मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर, म्हणजे टाकी नळाच्या वर ३ मीटर असेल तर ०.३ बारच मिळतो. महागड्या फिटिंगांना पुष्कळदा ०.५ बार तरी लागतं, मग दिसायला झकास आणि पाणी सुतळीएवढं. दुकानात लो प्रेशरवर चालणारा आहे का हे विचारूनच घ्या, तोंडाशी एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी जाळी) असेल तर काढता येणारा बघा. टेफ्लॉनचा टेप नळाच्या आट्यांवर घड्याळाच्या दिशेनं गुंडाळायचा. सीपीव्हीसी केलंत तर जिथे नळ बसणार तिथे पितळी आट्यांचा एल्बो, नुसत्या प्लास्टिकच्या आट्यांवर धातूचा नळ पिळला की चीर जाते.

तीन_फेज

थांबा थांबा, सीपीव्हीसी करायच्या आधी हे वाचा. त्या काळातल्या पुष्कळ घरांत अर्थिंगची तार वेगळी न गाडता पाण्याच्या जीआय पाइपलाच क्लिप मारून दिलेली असते. पाइप जमिनीत गेलेला म्हणून तोच अर्थ. तुम्ही न्हाणीत मधला तुकडा जरी प्लास्टिकचा केलात तर अर्थ तिथेच तुटला, आणि कळणार कुणालाच नाही कारण दिवे-पंखे आधीसारखेच चालतात. उलट गिझरमध्ये करंटची गळती झाली तर नळापासच्या उरलेल्या धातूच्या तुकड्यात करंट उतरेल. त्यामुळे क्रम असा की आधी घराला स्वतःचं नवीन अर्थिंग, मग प्लंबिंग. मीटरपासची हिरवी किंवा उघडी तार कुठे जाते ते हातात धरून शेवटपर्यंत बघत जा, म्हणजे सप्लाय बंद करून बरं का.

दुसरं, पट्टीवरचं मूळ वायरिंग असेल तर वायरवर बहुतेक रबराचं इन्शुलेशन असतं. जागेवर स्वस्थ असेपर्यंत ते टिकतं, पण बटण बदलायला वायर जरा वाकवली की रबर भुगा होऊन पडतं आणि उघडी तार राहते. तेव्हा नुसती बटणं बदलून मॉड्युलर करायचा हट्ट सोडा, करायचं तर वायरसकट. मधे कधी ॲल्युमिनियमची वायर टाकली असेल तर तिला तांब्याची पिळून जोडू नका, जोड सैल होतो आणि तापतो.

स्वतः काय करायचं याचं उत्तर नियमांत पण आहे. क्षमता न बदलता बटण, फ्यूज, पंखा, दिव्याचं फिटिंग बदलणं घरच्यानं केलं तर चालतं, पण नवीन लाइन टाकणं किंवा वायरिंगमध्ये फेरफार हे लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचंच काम. बदलताना मेन बंद करून टेस्टर लावाच, कारण जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर घातलेलं सर्रास सापडतं, बटण बंद असतं आणि होल्डरमध्ये करंट असतो.

इलेक्ट्रिशियनकडून हे मागा: दिव्यांना १.५ चौरस मिमी तांब्याची वायर, प्लगना २.५, गिझरला स्वतंत्र ४ ची लाइन, पोर्सेलिनचे कटआउट (जुने फ्यूज) काढून एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच), आणि वर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळाला की पडणारा स्विच). आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही, त्यासाठी एमसीबी लागतोच, दोन्ही हवेत.

आणि तुम्ही गावभागात म्हणताय म्हणून, २००५, २०१९, २०२१ मधलं कुठल्या पुराचं पाणी घरात कुठवर आलं होतं?

गावभागकर

बापरे, पाइपचं डोक्यातच आलं नसतं. आत्ताच आईला फोन करून विचारलं, ती म्हणते मीटरखालची तार अंगणातल्या नळाच्या पाइपलाच गुंडाळलेली आहे 😐 म्हणजे प्लंबिंग थांबवलं. २०१९ ला पाणी खालच्या खोलीत कमरेच्या वर होतं, २०२१ ला उंबऱ्यापर्यंत.

आणखी एक, नवीन वायरिंग भिंतीत झिरी मारून घेऊ की बाहेरून?

तीन_फेज

बाहेरून केसिंग-कॅपिंग, म्हणजे झाकणवाली प्लास्टिकची पट्टी. या भिंतींवर घराचा भार आहे, त्यात आडवी झिरी मारायची नाही, आणि चुन्याचा गिलावा झिरी मारताना हातभर सुटून येतो. स्क्रूसाठी भोकात घालायची गिट्टी पण गिलाव्यात धरत नाही, ड्रिलचं हॅमर बंद ठेवून विटेपर्यंत जा आणि लांब स्क्रू वापरा.

पुराचं म्हणाल तर खालच्या मजल्याचे सगळे बोर्ड छातीच्या वर घ्या, आईला वाकावं लागणार नाही हा फायदा आहेच. आणि खालची लाइन वेगळ्या एमसीबीवर, म्हणजे पाणी चढायला लागलं की तेवढीच बंद करून वरचे दिवे चालू ठेवता येतील. डीबी (सगळे एमसीबी असतात तो बोर्ड) पण वरच्या मजल्यावर घ्या, जिना चढल्या चढल्या हाताला येईल असा.

सोलापूरची_सून

काकूंसाठी बटणं मोठी घ्या, रुंद पट्टीची, बोटाऐवजी तळव्यानं दाबता येतात.

खटपट्या

आणि ती काळी बटणं काढाल तेव्हा फेकू नका, मला कळवा, पोस्टेज मी देतो 😄

गावभागकर

ठरलं. या शनिवारी बिजागऱ्या आणि अल्ड्रॉप, न्हाणीत तात्पुरता फक्त वायसर, तोवर लायसन्सवाला शोधतो. सांगली-मिरजेत कुणाला चुन्याच्या भिंतीवर काम केलेला माणूस माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर इथे टाकू नका. खटपट्या, पाचर दाराच्या कडेपाशी मारायची की मध्यावर?

खटपट्या

बिजागरीपासून लांबच्या कडेला, खाली चिंधी घालून. आणि सुरुवात मधल्या बिजागरीपासून करा, वरची शेवटी.