जुन्या जीपमध्ये डॅम्पिंग शीट नेमकी कुठे आणि किती लावावी?

जांबोटीमार्ग (प्रश्न):
नमस्कार. माझ्याकडे पत्र्याचा टप असलेली जुनी डिझेल फोर बाय फोर जीप आहे. घर बेळगावात आणि शेत कणकुंबीच्या अलीकडे असल्यामुळे आठवड्यातून दोनदा पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी असा प्रवास होतो. शेतातल्या चिखलासाठी मोठ्या खाचांचे टायर घातलेले आहेत. ताशी ६० च्या पुढे गेलो की शेजारी बसलेल्या वडिलांशी ओरडून बोलावे लागते, आणि जुलैत जांबोटीच्या पुढचा पाऊस टपावर कोसळू लागला की तेही शक्य होत नाही. एका कुशनच्या दुकानात संपूर्ण गाडीला आतून शीट मारून घेण्याचा सल्ला मिळाला. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की, गच्चीची गळती थांबवायला जी चंदेरी डांबरी पट्टी मिळते तीच स्वस्तात चिकटवावी. संपूर्ण गाडी मढवणे खरोखर आवश्यक आहे का, आणि डांबरी पट्टी चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उद्यमबाग:
माझा व्यवसाय पत्राकामाचा आहे आणि स्वतःच्या जीपवर हे काम मी दोन वेळा केले आहे. पहिल्या वेळी चुकीचे केले, म्हणूनच दुसरी वेळ आली.

डॅम्पिंग शीट आवाज अडवत नाही, ती पत्र्याची थरथर मारते. चांगली शीट म्हणजे ब्यूटाइल रबराचा चिकट थर आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. गाडीचा पत्रा थरथरला की हे रबर गाडीचा पत्रा आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये ताणले जाते आणि त्या ओढाताणीत थरथरीची ऊर्जा उष्णतेत जिरते. हलगी वाजत असताना कातड्यावर दोन बोटे टेकली तरी नाद बसतो, त्यासाठी सगळे कातडे झाकावे लागत नाही. तसेच इथेही प्रत्येक सपाट पत्र्याच्या मधल्या भागावर एकचतुर्थांश ते निम्म्या क्षेत्रफळापर्यंत शीट लावली की बहुतेक काम होते. त्यापुढची शीट पैसे आणि वजन वाढवते. २ मिलिमीटर जाडीची शीट चौरस मीटरला साधारण ३ ते ३.५ किलो भरते, म्हणजे सगळी गाडी मढवल्यास एक माणूस कायमचा टपावर बसवल्यासारखे होते. कुठे लावायची ते बोटाच्या पेराने ठोकून कळते. जिथे 'टण्' वाजते तिथे लावावी, जिथे मुळातच 'थप्' असा बद्द आवाज येतो तिथे लावू नये. दुमडी आणि कडा आधीच ताठ असतात, त्यांना हात लावण्याचे कारण नाही.

आपल्या टपावरच्या पावसाचा प्रश्न मात्र या शीटने फार चांगला सुटेल, कारण तो आवाज निव्वळ पत्र्याच्या थरथरीचाच असतो. टपाचे अस्तर उतरवून तिथूनच सुरुवात करावी.

इंजिनाची घरघर आणि टायरचा घोंघाट यांची गोष्ट वेगळी. तो आवाज हवेतून येतो, त्याला अडवायला जड आणि अखंड पडदा लागतो. त्यासाठी जड व्हिनाइलची चादर मिळते. तिच्या आणि गाडीच्या जमिनीच्या मध्ये मऊ फोमचा थर द्यायचा, म्हणजे पत्र्याची थरथर चादरीला पोहोचत नाही. पडद्याचे वजन दुप्पट केले की साधारण ६ डेसिबल जास्त अडतात. पण त्याच पडद्यात क्षेत्रफळाच्या १ टक्का भोक राहिले, तर तो कितीही जड असला तरी २० डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी भोके शोधावीत. गिअर लिव्हरचे फाटलेले रबर, क्लच पेडलभोवतीची फट, वायरी आत येतात तिथले निखळलेले ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) आणि दारांचे चपटे झालेले रबर बीडिंग ही नेहमीची ठिकाणे आहेत. इंजिनाची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकते ते रबरी आधार, तेही तपासून घ्यावेत, कारण ते दबून निकामी झाले असतील तर शीटने काहीही साधणार नाही.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर एक चाचणी करावी. गाडी उभी ठेवून इंजिन प्रवासातल्या वेगाने फिरवा आणि आवाज ऐका. नंतर ताशी ६० वर क्लच दाबून क्षणभर ऐका. पहिल्यात गोंगाट असेल तर दोष इंजिनाच्या बाजूचा, दुसऱ्यात असेल तर टायर आणि वाऱ्याचा. (चोर्ला घाटाच्या उतारावर हा प्रयोग कृपया करू नये.)

निपाणीकर:
डांबरी पट्टीबद्दल अनुभवाचे बोलतो. मी ती एप्रिलमध्ये टपाला आतून लावली होती. मे महिन्यात गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली, तेव्हा डांबर मऊ होऊन पट्टी सुटली आणि अस्तरातून काळे डाग सीटवर उतरले. वास तर दिवाळीपर्यंत गेला नाही. डोक्यावरच्या पत्र्याला तरी ब्यूटाइलच लावा.

जांबोटीमार्ग:
आपण सांगितलेली चाचणी काल केली. उभ्या गाडीतच सर्वांत जास्त गोंगाट आहे आणि तो गिअर लिव्हरपाशी एकवटलेला आहे. तिथले रबर उचलून पाहिले, तर दोन बोटे जातील एवढी चीर निघाली. क्लच दाबल्यावर राहतो तो घोंघाट टायरांचाच असणार, पण शेतासाठी तेच टायर हवेत. आता दोन शंका उरतात. दारांच्या आत शीट लावल्यास पावसाचे पाणी आत अडून राहील का? आणि जमिनीवर फोम घातल्यास तो ओला राहून पत्रा गंजेल का?

खानापूरचा मेस्त्री:
दुसरी शंका अगदी रास्त आहे आणि आपल्या भागात आवाजापेक्षाही तिचाच विचार आधी व्हायला हवा. पावसाळ्यात लाल चिखलाचे बूट घेऊन माणसे गाडीत बसतात आणि ते पाणी चार महिने जमिनीवरच मुरते. उशीच्या दुकानातला साधा स्पंज तिथे घातला, तर तो पाणी पिऊन बसतो आणि वरून सगळे कोरडे दिसत असताना खाली पत्रा कुजतो. ज्याची छिद्रे बंद असतात तो क्लोज्ड-सेल फोमच घ्यावा. तुकडा पाण्यात बुडवून पिळून पाहिला की फरक लगेच कळतो. जमिनीवरचा थर चिकटवू नये, कापून नुसता अंथरावा, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास गालिच्यासह बाहेर काढून वाळवता येतो. पत्र्यावर गंजाचे ठिपके असतील तर आधी घासून प्रायमर मारावा, कारण गंजावर बसवलेली शीट गंजासकट सुटते. सायलेन्सरच्या वर येणाऱ्या भागात फोम घ्यायचाच झाला, तर तो आग न पकडणाराच असावा.

काम कोरड्या हवेत करावे. आषाढात पत्र्यावर दमटपणा असतो, शीट चिकटल्यासारखी वाटते आणि महिन्याभरात कडा उचलतात. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा आणि शीटवरच्या नक्षीचे उंचवटे सपाट होईपर्यंत छोटा रोलर दाबून फिरवावा. अॅल्युमिनियमच्या कडेने हात कापतो, हातमोजे घालावेत.

दारांबद्दल सांगायचे तर काचेच्या फटीतून पाणी आत येणारच, ते अडवायचे नसून खाली जाऊ द्यायचे असते. शीट बाहेरच्या पत्र्याच्या मधोमध लावावी आणि तळापासून चार बोटे जागा मोकळी सोडावी. दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद फाडून टाकू नये, फाटला असेल तर नवा लावावा, नाहीतर पाणी दाराच्या पॅडमध्ये उतरते. पॅड परत बसवण्याआधी काच वर करून बाहेरून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतावे आणि ते दाराच्या तळच्या छिद्रांतून सगळे बाहेर पडते की नाही हे वाकून पाहावे.