मदत हवी आहे: ‘हौशी’ धावपटू म्हणायचं का?

नमस्कार मंडळी, मुलीच्या शाळेच्या अंकासाठी सिडनी वूडरसनवर लेख लिहितेय आणि दोन शब्दांवर अडकलेय. लंडनचा हा माणूस पेशाने सॉलिसिटर, चष्मा लावणारा, अंगाने एकदम किरकोळ, ब्लॅकहीथ हॅरियर्स क्लबकडून पळायचा. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकला घोट्याच्या दुखापतीने हीटमध्येच, म्हणजे प्राथमिक फेरीतच, बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी मॉट्सपर पार्कला एक मैल 4 मिनिटं 6.4 सेकंदात पळून वर्ल्ड रेकॉर्ड!! मला तर तो फार म्हणजे फारच आवडतो.

आता प्रश्न. तो अमॅच्युअर होता, म्हणजे पळण्याचे पैसे घ्यायचेच नाहीत हा तेव्हाचा कडक नियम, पण ‘हौशी’ लिहिलं की मुलांना वाटणार रविवारी गंमत म्हणून पळायचा. दुसरं म्हणजे ती रेकॉर्डची रेस हॅंडिकॅप होती, बाकीच्यांना पुढून सुरुवात देतात आणि हा सगळ्यांच्या मागून, तर त्याला मराठीत काय म्हणू? ‘अपंग’ वगैरे अर्थ अजिबात नकोय. शाळेत पीटी शिकवणारं कुणी आहे का इथे, तुम्ही मैदानावर काय म्हणता? शुक्रवारपर्यंत द्यायचाय लेख, प्लीज सांगा.