सर्व्हे विभागात ट्रेनी म्हणून रुजू होतोय : आधी काय पक्कं करावं?

नवी_खुंटी
नमस्कार मंडळी. सिव्हिलची पदवी झाली आहे, पुढच्या महिन्यात एका बांधकाम प्रकल्पावर सर्व्हे विभागात पदवीधर ट्रेनी म्हणून रुजू होतोय. कॉलेजात ऑटो लेव्हल (उंचीतला फरक काढायची दुर्बीण) आणि टोटल स्टेशन (कोन व अंतर मोजणारं उपकरण) दोन्ही हाताळली, पण गटात, प्रत्येकाच्या वाट्याला चार-दोन रीडिंग. आता टोटल स्टेशनच्या मेनूवर वेळ घालवू की लेव्हलिंगवर? आणि नवखे नेमके कुठे चुकतात?

ओळंबा
लेव्हलिंगच आधी. त्यात सगळं गणित हातानं होतं, त्यामुळे चूक कुठून शिरली ते शोधता येतं.

पहिल्या आठवड्यातच परवानगी घेऊन टू-पेग टेस्ट, म्हणजे लेव्हलची दृष्टिरेषा आडवी आहे का याची तपासणी, करा. सपाट जागी ६० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. बरोबर मधोमध लेव्हल लावून दोन्हींवरचा स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) वाचा. हा फरक खरा, कारण दृष्टिरेषा कललेली असली तरी दोन्हीकडे सारखीच चूक येते. मग त्याच ओळीत, एका खुंटीच्या बाहेरच्या बाजूला ३ मीटरवर लेव्हल नेऊन पुन्हा फरक काढा. समजा दोन फरकांत ६ मिमी तफावत आली, तर उपकरण १० मीटरला १ मिमी चुकतंय. आता बॅकसाइट (उंची माहीत असलेल्या बिंदूवरचं रीडिंग) २० मीटर आणि फोरसाइट (मांडणीतलं शेवटचं, पुढच्या बिंदूवरचं रीडिंग) ५० मीटर घेतली, तर एकाच मांडणीत ३ मिमी गेले. दोन्ही अंतरं सारखी ठेवा असं का सांगतात, ते इथे कळतं.

बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज ही शेवटच्या आणि पहिल्या आरएलच्या (बिंदूच्या काढलेल्या उंचीच्या) फरकाएवढी येते, एवढ्यावर समाधान मानू नका. त्यातून फक्त आकडेमोड तपासली जाते. १.४३५ च्या जागी १.५३५ वाचलं असेल तरी हा ताळा जुळतो! चुकीचं रीडिंग पकडायला शेवटी बेंचमार्कवरच (उंची पक्की माहीत असलेल्या बिंदूवर) परत यावं लागतं. स्पेसिफिकेशनमध्ये वेगळी मर्यादा नसेल तर साध्या कामाला १२√के मिमी धरतात, के म्हणजे किलोमीटरमधलं अंतर. अर्ध्या किलोमीटरच्या फेरीला साधारण ८.५ मिमी.

स्टाफ ३ मीटरच्या रीडिंगला १०० मिमी झुकला तर रीडिंग १.७ मिमी जास्त येतं. तो सावकाश पुढे-मागे डोलवायला सांगा आणि सर्वांत लहान आकडा लिहा. सरकत्या स्टाफचा वरचा भाग खटक्यात नीट बसलाय ना, बुडाला चिखल नाही ना, हेही पाहा.

पूर्व_उत्तर
टोटल स्टेशनबद्दल. आधी प्रिझम कॉन्स्टंट, म्हणजे समोर धरलेल्या प्रिझमसाठी मोजलेल्या अंतरात करायची ठरलेली दुरुस्ती. प्रिझमचा कॉन्स्टंट उणे ३० मिमी आणि उपकरणात शून्य असेल, तर प्रत्येक अंतर ३० मिमीनं चुकेल. सगळीकडे सारखंच चुकल्यानं लक्षातही येत नाही. टेपनं नेमकं मोजलेल्या २० मीटरवर एकदा ताडून पाहा.

दुसरं, ईस्टिंग-नॉर्दिंगचा (पूर्वेकडच्या आणि उत्तरेकडच्या निर्देशांकांचा) क्रम. कॅडमध्ये एक्स म्हणजे ईस्टिंग, पण कित्येक उपकरणं आधी नॉर्दिंग मागतात. अदलाबदल झाली की अख्खा आराखडा आरशातल्यासारखा उलटतो.

तिसरं, निर्देशांक यूटीएम ग्रिडवर (नकाशासाठी वापरल्या जाणाऱ्या सपाट ग्रिडवर) आहेत का ते विचारून घ्या. मध्य रेखावृत्ताजवळ स्केल फॅक्टर ०.९९९६ असतो, म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर ग्रिडवर ९९.९६ होतात. कॉलमच्या रांगेत ४० मिमीचा फरक कोणीही चालवून घेणार नाही.

चुन्याची_रेघ
लाइनआउटचं (जमिनीवरच्या आखणीचं) थोडं. खुंटी कधीही फक्त फुटिंगच्या (पायाच्या) कोपऱ्यावर ठोकू नका, खोदाईत ती जाणारच. सेंटरलाइन दोन्ही टोकांना खड्ड्याच्या २ ते ३ मीटर बाहेर न्या, म्हणजे पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) झाल्यावर दोरी बांधून ओळंब्यानं केंद्र खाली उतरवता येतं. आखलेल्या आयताचे दोन्ही कर्ण मोजा : १५ बाय २० मीटरला २५.०००. टोटल स्टेशननं आखलं असलं तरी टेपनं मोजाच, कारण तपासणी वेगळ्या साधनानं झाली तरच ती तपासणी.

ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक फील्ड बुकात रोज लिहा. चुकीचं रीडिंग खोडरबरानं पुसू नका, एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा.

नवी_खुंटी
खूप आभार. एक शंका : कंट्रोल पॉइंट (निर्देशांक माहीत असलेला बिंदू) स्टेशनपासून, म्हणजे टोटल स्टेशन लावलेल्या जागेपासून, २० मीटरवरच असेल आणि आखायचं असेल १०० मीटरवर, तर चालेल का?

पूर्व_उत्तर
टाळा. इथे बॅकसाइट म्हणजे दिशा ठरवायला पाहिलेला कंट्रोल पॉइंट, फोरसाइट म्हणजे आखायचा बिंदू. बॅकसाइटवर निशाणा ३ मिमी बाजूला गेला तर १०० मीटरवर तो १५ मिमी होतो. ५ सेकंदांच्या उपकरणाची कोनातली चूक तिथे जेमतेम २.४ मिमी, म्हणजे दोष उपकरणाचा नव्हे, मांडणीचा. बॅकसाइट नेहमी फोरसाइटपेक्षा लांबची घ्या. ती मिळत नसेल तर दूरचे कंट्रोल पॉइंट दिसतील अशा मोकळ्या जागी स्टेशन हलवा आणि तिथून रिसेक्शन करा, म्हणजे ते पॉइंट वाचून स्टेशनचे निर्देशांक काढा. कंट्रोल पॉइंटमधला कोन ३० ते १५० अंशांत राहू द्या. आखणी सुरू करण्याआधी आणि संपल्यावर, गणितात न वापरलेला एक कंट्रोल पॉइंट वाचा. दुसऱ्या वेळी आकडा हलला असेल तर ट्रायपॉड खचलाय, मधलं सगळं पुन्हा आखायचं.