कोपऱ्यातली खोकी: १, ३, ६, १३, २४, ४८… पुढं ९६ का?

शहापूरचा पोरगा
शहापुरात मामांचं मिठाईचं दुकान हाय. माडीवर कुंद्याची खोकी कोपऱ्यात रचायचं काम माझ्याकडं. मामांचा नियम एकच: कोपऱ्यातनं कुठल्याबी भिंतीकडं सरकलं तर थर बरोबरीचा नाहीतर उतरता पाहिजे, चढता नको. खोकी सगळी एकसारखी. एका खोक्याची रीत १, दोनाच्या ३ (ह्या भिंतीला, त्या भिंतीला, नाहीतर एकावर एक), तिनाच्या ६. मग १३, २४, ४८. शेवटी दुप्पट झालंय, म्हणून सातांना ९६ धरलं तर चालतंय का? मोजायला बसलं की गिऱ्हाईक येतंय ओ.

टिळकवाडीच्या बाई
९६ नाही बाळा, ८६.

साध्या विभाजनांपासून सुरू कर. ४ म्हणजे ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१, एकूण ५. ही माळ १, २, ३, ५, ७, ११, १५ अशी जाते. आता समज, २ हा भाग दोन रंगांत मिळतो, ३ तीन रंगांत, ४ चार रंगांत. रंगीत विभाजनं मोजलीस की १, ३, ६, १३ येतात, तुझीच खोकी! रंगांच्या माळेवरून विभाजनांची माळ काढायच्या या कृतीला ऑयलर रूपांतर म्हणतात. खोक्यांना हेच रंग लागू पडतात हे ब्रिटिश तोफखान्यातल्या मेजर मॅकमहोननं सिद्ध केलं. (याच गड्यानं २०० ची साधी विभाजनं हातानं काढली होती: ३९,७२,९९,९०,२९,३८८. कॅल्क्युलेटर मागणाऱ्या पोरांना मी हे मुद्दाम सांगते.)

सातासाठी आकडेमोड अशी. १ ते ७ प्रत्येकाच्या विभाजकांच्या वर्गांची बेरीज घे: १, ५, १०, २१, २६, ५०, ५०. तुझी माळ उलटी लावून गुण (शून्य खोक्यांची रीतही १ धर, म्हणून शेवटी १ दोनदा येतो):
१×४८ + ५×२४ + १०×१३ + २१×६ + २६×३ + ५०×१ + ५०×१ = ६०२.
सातानं भाग, ८६.

आणि ९६ का नको, तेही बघ. हीच रीत उलटी चालवली तर माळेवरून रंग परत मिळतात. ८६ घालून १, २, ३, ४, ५, ६, ७ येतात. ९६ घातलेस तर शेवटी १७. पूर्ण संख्याच आली, म्हणून भागाकार तक्रार करत नाही, पण डोळ्याला खुपतं.

खानापूर लोकल
बाई, आणखी एक दिशा वाढवली तर? भिंतीला भिंत लागून चौथं माप. रंग १, ३, ६, १०, १५, २१ असणार ना?

टिळकवाडीच्या बाई
मॅकमहोनलाही तसंच वाटलं होतं. त्या रंगांनी १, ४, १०, २६, ५९, १४१ येतात. प्रत्यक्ष मोजलं तर पहिले पाच तंतोतंत जुळतात आणि सहावा येतो १४०. उलटं फिरव: १, ३, ६, १०, १५, २०. एकाच रचनेचा फरक, पण सूत्र गेलं. चौथ्या मापासाठी असं गुणाकाराचं सुटसुटीत सूत्र आजवर कुणाच्या हाती लागलेलं नाही.

शहापूरचा पोरगा
८६ ची यादी करालोय बाई. ७९ झाल्यात, सात कुठं लपल्यात बघतो.