चौथीच्या मुलांना संविधान कसे समजावून सांगावे?

प्रश्न (शिक्षिका, नाशिक रोड):
आमची मुले परिपाठात उद्देशिका न अडखळता म्हणतात. परंतु कायदा कोण करते, तो कोण राबवते आणि वाद झाल्यास निवाडा कोण देते, असे विचारले की तिन्ही प्रश्नांना ‘सरकार’ हे एकच उत्तर येते. हा भेद कसा उलगडून दाखवावा?

उत्तर (शिक्षक, सिडको):
वर्गाचे नियम मुलांनाच करू द्यावेत. माझ्या वर्गात एका गटाने नियम लिहिले, दुसऱ्याने अंमलबजावणी पाहिली, तिसऱ्याने तक्रारी ऐकल्या. तिसऱ्याच दिवशी नियम करणाऱ्यांनी मधल्या सुट्टीत स्वतःला नळावर पहिला मान दिला, तेव्हा तक्रार ऐकणाऱ्या गटाने तो नियम रद्द केला, कारण ‘सर्वांना समान वागणूक’ हे तत्त्व आम्ही आरंभीच फळ्यावर लिहिले होते आणि कोणताही नियम त्याच्याविरुद्ध जाणार नाही, असे ठरले होते.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापिका, पंचवटी):
मुलांना काळाराम मंदिरापाशी अवश्य न्यावे. तेथे २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे ते ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडवलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आधी तो दरवाजा दाखवावा, अनुच्छेद मागाहून सांगावा. उलट क्रमाने सांगितलेले मुलांच्या मनात रुजत नाही, असा माझा अनुभव आहे.

शिक्षिका, नाशिक रोड:
दोघांचीही मनःपूर्वक आभारी आहे. सोमवारपासून तीन गट करते. पंचवटीची भेट २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी ठेवते.