दारूच्या नशेत जबरी चोरी : अपिलात ‘हेतूच नव्हता’ म्हणता येतं का?

कात्रजकर_८८ :
मामेभावाला शिवाजीनगर कोर्टात भादंवि (भारतीय दंड विधान) ३९४, म्हणजे जबरी चोरी करताना दुखापत, याखाली तीन वर्षं लागलीत. प्रकरण डिसेंबर २०२३ चं. कात्रजजवळ भुर्जीच्या गाडीवर एका मुलाशी वाजलं, याने दोन कानाखाली दिल्या, त्याचा ओठ फुटला, आणि त्याचा मोबाइल घेऊन हा बाइकवरून थेट कोंढव्याला. पहाटे पोलिसांनी उचललं तेव्हा मोबाइल खिशातच. मेडिकलमध्ये दारूचा वास नोंदलाय. अपिलापुरता जामीन झालाय. मामी म्हणते, शुद्धच नव्हती तर चोरीचं मनात येईल कुठून? मीही वाचलं की इंग्लंडमध्ये रॉबरीला खास हेतू लागतो, म्हणून तिथे नशेचा बचाव घेता येतो. आपल्याकडे चालेल का?

पेठी_माणूस :
प्यायला कुणी सांगितलं होतं? स्वतःहून ढोसणाऱ्याला कायदा माफ करत नाही. विषय संपला.

निवृत्त_शिरस्तेदार :
पेठीसाहेब, इतक्यात संपत नाही. पण मामींना वाटतं तितकं सोपंही नाही. मी वकील नाही, अपिलांच्या फायली सांभाळण्यात नोकरी गेली, तेवढ्यावर सांगतो.

भादंवि ८५ सोडा, ते नकळत किंवा बळजबरीने पाजलेल्यांसाठी. उरतं ८६ (भादंविच्या जागी आलेल्या न्याय संहितेत आता २४). स्वतःहून प्यायलेल्याला शुद्धीतल्या माणसाइतकी जाणीव होती असं कायदा धरून चालतो. हेतूचं मात्र तसं गृहीत धरत नाही, तो परिस्थितीवरून काढावा लागतो. इथे सगळे वकील १९५६ चा बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य हा निकाल काढतात. लग्नघरी एका निवृत्त जमादाराने एका पोराला जागा सोडायला सांगितली, पोरगा हलला नाही म्हणून गोळी घातली. झोकांड्या जात होत्या, हे कोर्टानेही मानलं. पण हा स्वतःच्या पायांनी आला, बसायची जागा निवडली, गोळी झाडल्यावर पळायला बघितलं. खुनाचीच शिक्षा कायम राहिली. तुमचा भाऊ कोंढव्यापर्यंत बाइक चालवत गेलाय, तेव्हा न्यायाधीशांचा पहिला प्रश्न ठरलेला. इंग्लंडचं म्हणाल तर तिथेही नशेतला हेतू हा हेतूच धरतात.

३१३ च्या जबाबात, म्हणजे पुराव्याबद्दल कोर्ट आरोपीला विचारतं तेव्हा, तुमचा भाऊ काय बोललाय? ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणून बसलेले लोक अपिलात ‘होतो, पण प्यायलेला होतो’ म्हणायला लागतात. नशा सिद्ध करायचा भार तर, पुरावा कायद्याच्या १०५ प्रमाणे, आरोपीवरच.

माझं ऐका, दारू बाजूला ठेवा. मारहाण चोरी करण्यासाठी किंवा माल घेऊन जाण्यासाठी झाली तरच ती जबरी चोरी. मार भांडणाच्या रागात आणि मोबाइल नंतर उचललेला, असं उलटतपासात आलं असेल तर ३९४ पडतं. ३७९ (साधी चोरी) आणि ३२३ (साधी दुखापत) उरतात. शिक्षा थोडी कमी होईल एवढाच यातला फायदा नाही. ३९४ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्यामुळे १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम ४ त्याला मिळत नाही. ३७९ ला मिळू शकतं. पहिलाच गुन्हा असेल तर चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडा, अशी मागणी करता येते.

कात्रजकर_८८ :
नक्कल मिळाली. उलटतपासात फिर्यादी म्हणतो, ‘भांडण बिलावरून झाले. मोबाइल टेबलावर होता.’ ३१३ मध्ये मात्र आमचे साहेब म्हणाले, त्या दिवशी मी गावी होतो.

निवृत्त_शिरस्तेदार :
झालं कल्याण. गावी बसून दारू चढली म्हणणार का? तो मुद्दा अपिलाच्या मेमोत घालूच देऊ नका. ‘टेबलावर होता’ याखाली लाल रेघ मारून वकिलांना द्या. अपिलाची मुदत निकालापासून ३० दिवस, नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा. फीची अडचण असेल आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. जेवणाच्या सुट्टीत मात्र जाऊ नका.